मुलाची काळजी घेता घेता माझे वय अकरा वर्षांनी वाढले का?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या भगिनी ४३ वर्षांच्या असून सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतात. त्यांच्या १५ वर्षांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याचा विकार, आहे. त्याला आधाराशिवाय बसता येत नाही, आकडीची औषधे चालू आहेत, प्रत्येक जेवण भरवायला पाऊण तास लागतो आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री नऊपासून दर तीन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. पती एमआयडीसीत पाळीने कामाला आहेत, सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि धाकटी जाऊ मागच्याच गल्लीत राहते. गेल्या दोन वर्षांत या भगिनींचे केस झपाट्याने पिकले. महिन्यापूर्वी तव्याचा चटका बसून मनगटावर झालेली जखम अजून नीट भरलेली नाही. ताणामुळे शरीर दहा वर्षांनी म्हातारे होते, असे सांगणारा एक व्हिडिओ पाहून त्यांनी एका कंपनीकडून ‘जैविक वया’ची, म्हणजे शरीराच्या झिजेवरून वय सांगणारी, चाचणी मागवली. मुलाला न्यूमोनिया झाल्यामुळे त्या आठवडाभर त्याच्याबरोबर रुग्णालयात होत्या आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी चाचणीसाठी नमुना दिला. अहवालात वय ५४ आले आहे. त्याच कंपनीने ‘कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या’ कॅप्सूलही सुचवल्या आहेत. पती म्हणतात, ‘तू टेन्शन घेऊ नकोस, सगळं मनावर असतं.’ मुलाला पुण्यातील एखाद्या निवासी संस्थेत ठेवावे, असेही त्यांच्या मनात आहे. सासूबाईंचा याला विरोध आहे. अहवाल खरा आहे का, झालेले नुकसान भरून येते का आणि स्वतःला वाचवण्यासाठी मुलाला संस्थेत ठेवावे का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘मला तरुण दिसायचं नाही. मला फक्त त्याच्यापेक्षा एक दिवस जास्त जगायचं आहे.’

ताई,

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी विकलांग मुलांच्या अनेक आयांच्या तोंडून ऐकले आहे, आणि दर वेळी ते ऐकताना मला हेच जाणवते की त्या वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. एक म्हणजे तुमचे शरीर पुढची पंचवीस-तीस वर्षे धडधाकट राहणे, आणि दुसरी म्हणजे तुमच्यानंतर मुलाची सोय असणे. पहिलीसाठी पुष्कळ काही करता येते, जरी त्याची हमी कोणी देऊ शकत नाही. दुसरी मात्र तुमच्या आयुष्याच्या लांबीवर सोपवून ठेवण्याचे काहीच कारण नाही. म्हणून आधी वयाच्या आकड्याविषयी लिहिते आणि मग या दुसऱ्या गोष्टीकडे येते.

त्या व्हिडिओतील ‘दहा वर्षां’ना खरोखरच एका संशोधनाचा आधार आहे, आणि ते संशोधन तुमच्यासारख्याच आयांवर झाले होते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी २००४ मध्ये ५८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३९ जणींची मुले दीर्घकाळ आजारी होती आणि १९ जणींची मुले निरोगी होती. त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींमधील टेलोमिअरची लांबी मोजण्यात आली. टेलोमिअर म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरील संरक्षक भाग. साडीच्या कडेला पिको केलेले असते म्हणून तिच्या दशा सुटत नाहीत, तसेच काहीसे हे काम आहे. पेशीचे विभाजन झाले की हा भाग थोडा आखूड होतो, आणि तो फारच आखूड झाला की पेशी पुढे विभाजित होणे थांबवते. सर्वाधिक ताण जाणवत असल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे टेलोमिअर सर्वांत कमी ताण जाणवणाऱ्या स्त्रियांपेक्षा इतके आखूड निघाले की तो फरक ९ ते १७ वर्षांच्या वाढत्या वयाइतका भरला. ब्लॅकबर्न यांना पुढे २००९ मध्ये कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. ते टेलोमिअर गुणसूत्रांचे रक्षण कसे करतात या शोधासाठी आणि टेलोमिअर पुन्हा बांधणाऱ्या टेलोमरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) शोधासाठी होते.

इथपर्यंतची गोष्ट व्हिडिओत सांगितली जाते. त्याच अभ्यासातील पुढची गोष्ट मात्र गाळली जाते, आणि मला वाटते तुमच्यासाठी तीच अधिक महत्त्वाची आहे. आजारी मुलांच्या आया आणि निरोगी मुलांच्या आया असे दोन गट समोरासमोर ठेवले, तेव्हा त्यांच्या टेलोमिअरच्या सरासरी लांबीत लक्षणीय फरक आढळला नाही. फरक दिसला तो दोन ठिकाणी. आपल्यावरचा भार आपल्याला पेलवत नाही असे ज्यांना वाटत होते त्यांच्यात तो दिसला, आणि काळजी घेणाऱ्या आयांपैकी ज्यांची काळजी घेण्याची वर्षे अधिक होती त्यांच्यातही दिसला. म्हणजे आजारी मूल पदरात असणे एवढ्याने काही ठरत नव्हते. शिवाय हा ५८ स्त्रियांचा, एकाच वेळी केलेल्या मोजणीचा अभ्यास होता. नंतर अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा ताण आणि टेलोमिअर यांचा संबंध टिकला, परंतु तो पुष्कळच क्षीण निघाला. दहा वर्षांचा आकडा हा त्या छोट्या गटातील दोन टोकांमधला फरक होता. तो उचलून कोणा एका आईच्या अंगावर घालता येत नाही.

‘भार पेलवत नाही असे वाटणे’ हे शब्द वाचून तुमचे पती म्हणतील, ‘बघ, शेवटी मनावरच आहे.’ येथे मला त्यांच्याशी, आणि थोडे तुमच्याशीही, वाद घालायचा आहे, कारण तुम्ही पत्रात दोनदा स्वतःला ‘कमकुवत मनाची’ म्हटले आहे. अशा अभ्यासांमध्ये वापरली जाणारी प्रश्नावली शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तयार केली. गेल्या महिन्याभरात महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हाताबाहेर गेल्या आहेत असे किती वेळा वाटले, अडचणींचा ढीग आवरता येणार नाही इतका वाढला आहे असे किती वेळा वाटले, अशा स्वरूपाचे प्रश्न तीत असतात. रात्री बारा, तीन आणि सहा वाजता उठणारी स्त्री या प्रश्नांना ‘वारंवार’ असे उत्तर देत असेल, तर ती मनाने दुबळी नसते, आपली परिस्थिती जशी आहे तशी सांगत असते. जाणवणारा ताण खाली आणण्याचा एक मार्ग मनातून जातो हे खरे, पण दुसरा मार्ग ढिगातील चार कामे दुसऱ्याने उचलण्याचा आहे, आणि आपल्या घरांमध्ये आईला पहिलाच मार्ग पुन्हा पुन्हा दाखवला जातो, याचे मला वाईट वाटते.

आता कॉर्टिसॉलविषयी. त्याला शत्रू समजून तो ‘उतरवण्याची’ भाषा जाहिरातींत असते, पण तो आपल्या जगण्याला आवश्यक असा संप्रेरक (हार्मोन) आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी तो तयार करतात. सकाळी जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी दिवसातील सर्वांत वर जाते, मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला येते. प्रसंग आला की तो रक्तातील साखर वाढवून शरीराला इंधन पुरवतो आणि सूज आटोक्यात ठेवतो. मुलाला रात्री आकडी आली, त्याला उचलून तुम्ही रिक्षापर्यंत धावलात, तेव्हा तुमच्या अंगात बळ आले ते अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल या दोघांच्या जोरावर. अडचण सुरू होते ती प्रसंग संपत नाही तेव्हा. महिनोन्महिने हाक येत राहिली की हा चढ-उतार सपाट होऊ लागतो आणि पेशी कॉर्टिसॉलचे ऐकेनाशा होतात. ग्रेगरी मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलांच्या पालकांचे रक्त तपासले. कॉर्टिसॉलसारख्या औषधाने सूज निर्माण करणाऱ्या एका रासायनिक संदेशाला जितका आळा बसायला हवा होता, तितका या पालकांच्या पेशींमध्ये बसत नव्हता. धुमसत राहिलेली सूज रक्तवाहिन्या, सांधे, इन्शुलिनचे कार्य यांना हळूहळू झिजवते, आणि आपण जिला म्हातारपण म्हणतो त्यातला बराच भाग ही झीज असते. प्रयोगशाळेत रोगप्रतिकारक पेशी कॉर्टिसॉलमध्ये ठेवल्या असता त्यांच्यातील टेलोमरेजचे काम मंदावते, असेही लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. ताण आणि पेशींचे वय यांना जोडणारे धागे खरे आहेत, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पण यावरून तुमच्या हेही लक्षात येईल की कॉर्टिसॉल सरसकट ‘उतरवणे’ हा उपाय ठरू शकत नाही, कारण दीर्घ ताणात बिघडतो तो त्याचा चढ-उतार. तुम्ही विचारलेली रक्तातील कॉर्टिसॉलची तपासणी अधिवृक्क ग्रंथींचे विशिष्ट आजार ओळखण्यासाठी असते, ताण मोजण्यासाठी नव्हे. कॅप्सूलच्या डबीवर अश्वगंधा लिहिले आहे, असे तुम्ही कळवले आहे. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत, आणि थायरॉइड किंवा मधुमेहाच्या औषधांशी तिचा संबंध येऊ शकतो. ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ म्हणून ती सुरू करू नका.

मनगटावरील जखमेने मात्र माझे लक्ष वेधले आहे. ओहायो राज्य विद्यापीठात १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रियांच्या आणि तेवढ्याच इतर स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून ती भरण्यास किती दिवस लागतात हे पाहण्यात आले. काळजी घेणाऱ्या स्त्रियांना सरासरी ९ दिवस जास्त लागले. तुमची जखम ताणामुळेच रेंगाळली असेल, असे म्हणून मी स्वस्थ बसू शकले असते, पण तसे करणे चूक ठरेल. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीची जखम महिनाभर भरत नसेल तर पहिली शंका रक्तातील साखरेची घ्यायची असते. या आठवड्यात डॉक्टरांना जखम दाखवा आणि तीन महिन्यांची साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. सतत थकवा, झोप मोडणे, चिडचिड यांमागे रक्तक्षय असू शकतो, थायरॉइड असू शकतो, किंवा पाळी जाण्याआधीच्या वर्षांतील बदल असू शकतात, आणि या सगळ्यांवर साधे, ठरलेले उपचार आहेत. ‘ताण आहे’ असे म्हणून बायका या तपासण्या वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. जैविक वयाच्या चाचणीपेक्षा या चार तपासण्या तुम्हाला कितीतरी अधिक सांगतील.

तुमच्या अहवालातील ५४ हा आकडा बहुधा टेलोमिअरवरून काढलेला नाही. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात ‘मेथिलीकरण’ असा शब्द आहे, म्हणजे जनुकांवर बसणाऱ्या रासायनिक खुणांवरून तो काढला आहे. स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ खुणांवरून वय सांगणारी पद्धत, म्हणजे एक प्रकारचे घड्याळच, तयार केली. २०१५ च्या एका अभ्यासात असे दिसले की त्यांपैकी ८५ खुणा कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या जागी आहेत, आणि आयुष्यभराचा ताण जितका साचलेला तितके हे वय पुढे गेलेले आढळते. म्हणजे या घड्याळाला ताण ‘कळतो’. पण त्याला कालचा ताणही कळतो. २०२३ मध्ये बोस्टन येथील संशोधकांच्या गटाने मांडीचे हाड मोडल्यामुळे तातडीची शस्त्रक्रिया करावी लागलेल्या वृद्धांच्या रक्तात हे वय मोजले. शस्त्रक्रियेनंतरच्या सकाळी ते वाढलेले होते आणि चार ते सात दिवसांत पुन्हा पूर्वीच्या ठिकाणी आले. गरोदरपणात वाढलेले वयही बाळंतपणानंतर खाली आल्याचे त्याच अभ्यासात दिसले. तुम्ही मात्र नमुना कधी दिलात? आठवडाभर रुग्णालयातील बाकावर झोपून घरी आल्यावर चौथ्या दिवशी. त्या आठवड्याने तुमच्या शरीरावर काय केले ते त्या आकड्यात कितपत मिसळले आहे, हे कोणालाही वेगळे काढून दाखवता येणार नाही. अशा पद्धती मोठमोठ्या गटांची तुलना करण्यासाठी घडवल्या गेल्या आहेत. एका व्यक्तीच्या एका नमुन्यावरून तिचे उरलेले आयुष्य मोजण्याइतक्या त्या पक्क्या नाहीत. त्यामुळे चाचणी पुन्हा करण्यासाठी पैसे घालवू नका, आणि ५४ या आकड्यावरून घरातला कोणताही निर्णय घेऊ नका.

नुकसान भरून येते का, या तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आले. उरलेले निम्मे तुमच्या केसांमध्ये आहे. ताणाच्या वेळी चेतातंतूंमधून सुटणारे नॉरअॅड्रेनलिन केसांच्या मुळाशी असलेल्या रंगपेशींचा साठा संपवते, हे २०२० मध्ये उंदरांवरील प्रयोगात दिसले, आणि तो साठा परत आला नाही. त्यामुळे पिकलेला केस म्हणजे परतीचा रस्ता बंद, असेच सर्वांना वाटले. पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातील मार्टिन पिकार्ड यांच्या गटाने १४ माणसांचे केस घेतले आणि मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या बारीक अंतराने त्यांचा रंग मोजला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे एका लांब केसात गेल्या कित्येक महिन्यांची नोंदवही असते. एका व्यक्तीचे पाच केस टोकाकडे पांढरे आणि मुळाकडे पुन्हा काळे झालेले सापडले, आणि तारखा जुळवल्या तेव्हा तो बदल तिच्या सुटीच्या काळाशी जुळला. सगळे पांढरे केस असे परत काळे होत नाहीत. आनुवंशिकता आणि वय यांचा वाटा फार मोठा असतो, आणि तुमचे केस काळे होतील असे मी सांगत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की विसावा मिळाल्याची नोंदसुद्धा शरीर करत असते. विसावा हे औषध मानून त्याची मात्रा ठरवावी लागते, हा माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा आहे.

आता तुमचा तिसरा आणि सर्वांत जड प्रश्न. ‘त्याला सांभाळते म्हणून मी लवकर मरेन’ हे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि त्यावर ‘म्हणून त्याला दूर ठेवावे का’ हा प्रश्न उभा केला आहे. ते गृहीतक तपासून पाहू. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजारी जोडीदाराची काळजी घेताना शारीरिक-मानसिक ओढाताण होत असल्याचे सांगणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांत मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. या आकड्याने जगभर घबराट झाली. पण त्याच अभ्यासात, काळजी घेत असूनही ज्यांची ओढाताण होत नव्हती, त्यांच्यात असा वाढीव धोका दिसला नाही. पुढे २०१३ मध्ये कुटुंबातील साडेतीन हजार काळजीवाहकांची तेवढ्याच इतरांशी तुलना झाली, तेव्हा काळजीवाहकांमधील मृत्यूचे प्रमाण उलट १८ टक्क्यांनी कमी निघाले. ज्यांची तब्येत बरी ते काळजी घेण्यास पुढे येतात हे त्यामागचे एक कारण असू शकते. तरीही मुलाला सांभाळणे आणि लवकर झिजणे हे एकच आहे, असे मानायला आधार उरत नाही. झिजवते ती अखंड, एकट्याने, झोपेवाचून केलेली काळजी.

त्यामुळे निवासी संस्थेचा विचार करायचा असेल तर तो मुलाच्या गरजांवरून करा. संस्थेत ठेवणे म्हणजे पाप, हे सासूबाईंचे म्हणणे मला मान्य नाही. चांगल्या संस्थेत मुले आनंदाने राहताना मी पाहिली आहेत. पण तुमच्या मुलाला भरवायला पाऊण तास लागतो आणि रात्री कूस बदलावी लागते. म्हणून पाहायला जाल तेव्हा रात्री किती मुलांमागे किती माणसे जागी असतात, भरवायला किती वेळ दिला जातो आणि आकडी आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करते, हे विचारा आणि शक्य तर जेवणाच्या वेळी तिथे उभे राहून पाहा. घर आणि निवासी संस्था यांच्या मध्येही पुष्कळ जागा आहे, ती आधी चाचपून पाहावी असे मला वाटते. जिल्ह्याच्या ठिकाणी दिवसभराचे केंद्र किंवा थोड्या दिवसांसाठी मुलाला ठेवून घेणारी सोय आहे का, याची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे घरी येऊन शिकवण्याविषयी विचारा.

पण सुरुवात रात्रीपासून करायला हवी. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात पती साडेअकरापर्यंत घरी पोहोचतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्या आठवड्यात नऊची कूस तुम्ही बदला आणि लगेच दुसऱ्या खोलीत जाऊन झोपा. बाराची त्यांनी बदलावी. तुम्हाला नऊ ते तीन अशी सलग सहा तास झोप मिळेल, जी तुम्हाला गेल्या कित्येक वर्षांत मिळालेली नाही. साप्ताहिक सुटीची संपूर्ण रात्र त्यांची असावी. दुसरे म्हणजे फिजिओथेरपिस्टला विचारून दाब कमी करणारी हवेची गादी घ्या. गादी आली म्हणून कूस बदलणे थांबत नाही, परंतु अंगावर लाली उमटत नाही ना हे पाहत पाहत तीन तासांचे अंतर वाढवता येईल का, हे तेच सांगू शकतील. न्यूमोनियाचीही एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. अशा मुलांमध्ये अन्नाचे कण श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून त्याची गिळण्याची तपासणी करून घ्यायला सांगा. तुमचा वाढलेला ताण ज्या आठवड्यात शिगेला पोहोचला तो आठवडा पुन्हा येऊ नये, यासाठी केलेला हा उपाय कोणत्याही कॅप्सूलपेक्षा मोलाचा आहे.

चालण्याविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या, व्यायाम न करणाऱ्या ६८ जणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांनी २४ आठवडे, आठवड्यातून तीन ते पाच वेळा, सुमारे ४० मिनिटे दम लागेल असा व्यायाम केला, त्यांचा जाणवणारा ताण कमी झाला आणि त्यांच्या टेलोमिअरची लांबीही इतरांच्या तुलनेत सुधारली. प्रयोग छोटा आहे, आणि तुम्ही टेलोमिअरसाठी चालावे असे मी म्हणणार नाही. पण दिवसातील ४० मिनिटे घराबाहेर घालवणे हे ध्यानाच्या अॅपपेक्षा तुमच्या स्वभावाला मानवेल, असे पत्रावरून वाटते. अर्थात, ही ४० मिनिटे यायची कुठून, हा प्रश्न पुन्हा दुसऱ्या माणसावर येऊन थांबतो.

आपल्या शेजारच्या गोव्यात, बार्देश आणि तिसवाडी या तालुक्यांत, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला होता, जो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्ती सहा महिने या घरांना भेट देत, आजाराची माहिती देत, रुग्णाला कसे हाताळावे हे दाखवत आणि काळजी घेणाऱ्याचे ऐकून घेत. त्या व्यक्ती डॉक्टर नव्हत्या. तरीही काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले. तुमचे प्रश्न वेगळे असले तरी, शिकवलेला माणूस खूप काही करू शकतो, हे मला यातून घ्यावेसे वाटते.

तुमच्यानंतरच्या सोयीची सुरुवात कागदांपासून होते. मुलगा १८ वर्षांचा झाला की कायद्याच्या दृष्टीने आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमता येतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती तो नेमते. तुमच्या हातात तीन वर्षे आहेत. दीर किंवा बहीण यांपैकी पुढे कोण जबाबदारी घेईल, हे आता घरात बसून, दारे बंद न करता बोला. याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, आणि तिच्यासाठी दिव्यांगत्वाचे ओळखपत्र तयार ठेवा. औषधांची नावे, मात्रा, वेळा, भरवण्याची पद्धत, त्याला कोणत्या गाण्याने शांत वाटते, हे सगळे एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवा. ही माहिती आज फक्त तुमच्या डोक्यात आहे, आणि रात्री तुम्हाला झोप लागत नाही त्याचे हेही एक कारण असावे.

तुमच्या पत्रात तसे काही नाही, परंतु हे सदर वाचणाऱ्या इतर आयांसाठी लिहिते. संधी मिळूनही झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा मुलाला आणि स्वतःला संपवावे असा विचार एकदा जरी डोकावला असेल, तर ‘ताण’ म्हणून तो दाबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येते.

ताई, तुमच्या धाकट्या जाऊबाईंनी गुरुवारी दुपारी मुलाजवळ बसण्याची तयारी दाखवली होती, आणि ‘दुसऱ्याच्या हातून त्याला ठसका लागतो’ म्हणून तुम्ही नको म्हटलेत. ठसका लागतो हे खरे असणार. पण तुमच्या हातूनही तो पहिल्या वर्षी लागत होता. त्यांना या गुरुवारी बोलवा आणि फक्त बघायला बसवा. त्याची पाठ ताठ ठेवून मान किंचित पुढे कशी घ्यायची, अर्धा चमचाच का घ्यायचा, वरणभात किती दाट हवा, आधीचा घास गिळल्याचे गळ्यावर कसे दिसते, हे त्यांना दाखवा. पुढच्या गुरुवारी चमचा त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारी बसा. त्यांचा हात सरावला आहे असे तुम्हाला वाटेल त्या गुरुवारी, वाटल्यास महिनाभराने, तुम्ही चपला घालून फाटकाबाहेर पडा आणि मागच्या गल्लीच्या टोकापर्यंत चालून या. पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरेत.